करंजियाचा छोटा भाई

पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

माझा नातू चोवीस वर्षांचा आहे. पुण्यात नोकरीला आहे, पगार बरा आहे. गेल्या महिन्यात त्याने घरी जाहीर केलं की नोकरी सोडून पूर्णवेळ युवकांच्या सेवेत जायचं. मग काय, घरात जे व्हायचं ते झालं. बापाने पगाराचा विषय काढला, आजीने लग्नाचा. मला विचारलं, "आबा, तुम्ही काय म्हणता?" मी कॉमर्सचा माणूस, सगळी नोकरी बँकेत गेली, कर्ज मागणाऱ्याला पहिला प्रश्न विचारायची सवय. मी त्याला विचारलं, शामराव हिवाळे माहीत आहेत का? त्याला माहीत नव्हते. त्याच्या बापालाही नव्हते. शिबिरात ऐकलेल्या परदेशी वक्त्यांची नावं मात्र दोघांना पाठ आहेत. हिवाळे आपल्याच समाजातले, मराठी ख्रिस्ती, आणि त्यांनी आयुष्य काढलं ते आमच्याच मुलखाच्या वरच्या अंगाला. म्हणून हे लिहायला बसलो.

आमचं गाव हट्टा. दमोहवालं नाही, हिंगोलीकडचंही नाही. हे बालाघाट जिल्ह्यातलं, गोंदिया-बालाघाट रेल्वेवर हट्टा रोड स्टेशन आहे ते. गावची बावली प्रसिद्ध आहे, गोंड राजवटीची म्हणतात, खाली खाली दगडी मजले उतरत जातात. आमच्याकडे मराठी, हिंदी आणि पोवारी एकाच वाक्यात चालतात, त्यामुळे माझ्या भाषेला पुणेकरांनी हसू नये. आमच्या पूर्वेला बैहर, तिथून मैकलचे डोंगर सुरू होतात. बैगा आणि गोंड लोकांचा तो मुलूख. आणखी वर मंडला, डिंडोरी, आणि मग नर्मदेचा उगम, अमरकंटक.

आता गोष्ट जरा मागून सांगावी लागते, कारण शामराव एकदम उगवले नाहीत. आणि ती सुरू होते आमच्याच बाजूच्या रेल्वेत.

१८९३ साल. नागपूरहून राजनांदगावला जाणारी गाडी. ही लाईन गोंदियावरून जाते. गाडीत एकतीस-बत्तीस वर्षांचे एक ब्राह्मण गृहस्थ, नारायण वामन टिळक. लोकमान्य नव्हेत, आपले कवी टिळक. तोवर त्यांनी बरंच काही करून पाहिलं होतं. शिक्षकी केली, कीर्तनं केली, कविता केल्या, नागपुरात 'ऋषी' नावाचं मासिक चालवलं. एका जागी पाय टिकत नव्हता. देशाला एक करील असा नवा धर्म हवा, असं काहीतरी त्यांच्या डोक्यात घोळत होतं. आता राजनांदगाव संस्थानात नोकरी मिळाली होती, तिकडे निघाले होते. डब्यात एक युरोपियन भेटला. त्याने जागा दिली, संस्कृत काव्यावर गप्पा केल्या, उतरताना नव्या कराराची प्रत हातात ठेवली, आणि म्हणाला की दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांना ते हास्यास्पदच वाटलं असणार. पण वाचतो असा शब्द दिला होता, म्हणून वाचत गेले, आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. दोन वर्षांचा हिशोब बरोबर निघाला.

पुढे लक्ष्मीबाईंनी काय सोसलं, ते 'स्मृतिचित्रे'त आहे. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी ही पोस्ट इथेच सोडून ते वाचलं तरी माझी तक्रार नाही. नवऱ्याने न सांगता धर्म बदलला, बाई जवळपास पाच वर्षं वेगळी राहिली, आणि मग स्वतःच्या पायाने, स्वतःच्या विचाराने त्याच वाटेला आली. "हाक आली" असं सांगणाऱ्या तरुणांनी घरच्यांचा भाग कोण भरतं, तेही त्या पुस्तकात वाचावं.

टिळक अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये स्थिरावले. त्यांची भजनं आपण दर रविवारी गातो, त्याबद्दल नवीन काय सांगणार! पण त्यांचं तरुणांमधलं काम म्हणजे नेमकं काय, यावर आपल्याकडे फार बोललं जात नाही. मला विचाराल तर त्याचा सगळ्यात चांगला नमुना म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोंबरे. १९०७ मध्ये जळगावला पहिलं कविसंमेलन झालं, तिथे या सतरा वर्षांच्या पोराला 'बालकवी' हे नाव मिळालं. टिळकांनी त्याला नगरला आपल्या घरी आणलं. घरात ठेवलं, जेवू घातलं, लिहितं केलं. लक्ष्मीबाईंनी पोटच्या पोरासारखं वागवलं. 'फुलराणी', 'औदुंबर' लिहिणारा तो हाच. तो ख्रिस्ती झाला नाही. १९१८ च्या मे महिन्यात भादली स्टेशनात रेल्वेखाली सापडून गेला, अठ्ठावीसही पूर्ण नव्हते. मिशनच्या वार्षिक अहवालात अशा पोराची नोंद कुठल्या रकान्यात करणार? बँकेत आम्हाला ठेवींचं टार्गेट असायचं, मार्च आला की रात्री झोप नसायची. मिशनऱ्यांनाही बाप्तिस्म्यांचे आकडे वर पाठवावे लागत. टिळकांना हा आकड्यांचा कारभार सोसला नाही. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला, साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघंही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून बसायचे. दोन वर्षांत, ९ मे १९१९ ला ते वारले. दरबार फार चालला नाही.

पण त्यांच्या नगरच्या दिवसांचा ठसा एका तरुण इंग्रज पाद्र्यावर राहिला होता. जॅक विन्स्लो. त्याने १९२३ मध्ये टिळकांचं इंग्रजी चरित्र लिहिलं. त्याच्या आदल्या वर्षी, १९२२ मध्ये, नगर जिल्ह्यातच त्याने 'ख्रिस्त सेवा संघ' काढला होता. खादी घालायची, जमिनीवर बसून शाकाहारी जेवायचं, आणि गोरे-काळे असा भेद ठेवायचा नाही. साहेबाचा बंगला आणि बाहेर ओसरीवर उभा असलेला देशी प्रचारक, हे चित्र ज्यांच्या आजोबांनी पाहिलंय त्यांना कळेल की त्या काळात ही केवढी गोष्ट होती. पुढे संघाचा आश्रम पुण्यात शिवाजीनगरला झाला.

तिथे १९२७ च्या अखेरीस ऑक्सफर्डहून एक पंचवीस वर्षांचा पोरगा आला, व्हेरियर एल्विन. बिशपचा मुलगा, हुशार, चांगल्या पदावरून आलेला. आणि त्याच आश्रमात त्याची गाठ पडली शामराव हिवाळे या मराठी तरुणाशी. हिवाळे हे आडनाव नगरकडच्या मंडळींना नवं नाही. १९४७ मध्ये अहमदनगर कॉलेज काढणारे डॉ. भा. पां. हिवाळे याच आडनावाचे.

एल्विन जानेवारी १९२८ मध्ये साबरमतीला गेला आणि गांधीजींच्या पायाशी बसला तो बसलाच. इंग्रज सरकारला हे रुचणारं नव्हतं, चर्चलाही नाही. पुढे आश्रमाचं काम दोघांना अपुरं वाटायला लागलं. प्रार्थना होती, चर्चा होती, पण गरीब माणूस कुठे होता? तेव्हा जमनालाल बजाजांनी सुचवलं की मध्य प्रांतात गोंडांकडे जा, त्यांच्याकडे ना काँग्रेस पोचलीय ना कोणी. बघा, एका ख्रिस्ती तरुणाला सेवेचं ठिकाण कोणी दाखवलं, तर वर्ध्याच्या मारवाडी गांधीवाद्याने.

निघण्याआधी दोघं मुंबईला मणिभवनात होते. ४ जानेवारी १९३२, पहाटे पोलीस गांधीजींना पकडायला आले. त्या वेळी एल्विन आणि शामराव तिथेच हजर होते. सोमवार, म्हणजे मौनाचा दिवस, त्यामुळे गांधीजींनी जे सांगायचं ते चिठ्ठ्यांवर लिहून दिलं. त्या महिन्याच्या अखेरीस ही जोडी अमरकंटकच्या अलीकडे करंजिया गावी पोचली. टेकडीवर माती-बांबूच्या झोपड्या उभ्या केल्या, संत फ्रान्सिसच्या नावाने आश्रम काढला. दवाखाना, शाळा, पुढे कुष्ठरोग्यांसाठी घर. संस्थेचं नाव ठेवलं गोंड सेवा मंडळ. बडा भाई म्हणजे एल्विन आणि छोटा भाई म्हणजे शामराव, हे गोंडांनी दिलेलं नाव.

आता तुम्ही म्हणाल यात युवकांची सेवा कुठे आली. दोघांचं वय पाहा. तिशीच्या आतबाहेरचे दोन तरुण, खिशात पैसा नाही, अंगावर खादी, आणि मागे उभं राहायला कोणी नाही. नागपूरच्या बिशपांनी एल्विनला पाद्री म्हणून परवाना दिला नाही, कारण तो ब्रिटिश राजाशी निष्ठेची शपथ घेईना. दुसरं भांडण त्याहून खोल होतं. गोंडांना ख्रिस्ती करणार नाही, असं या दोघांनी ठरवलं होतं. त्यांची खरूज धुवायची, हिवतापाला औषध द्यायचं, पोरांना अक्षर शिकवायचं, सावकाराच्या कागदावर अंगठा द्यायच्या आधी काय लिहिलंय ते सांगायचं. धर्म त्यांचा त्यांच्यापाशी. चर्चच्या मंडळींना हे कसं पटावं? आजही पटत नाही. १९३२ च्या उन्हाळ्यात एल्विन इंग्लंडला गेला तर सरकार परत येऊ देईना. राजकारणात पडणार नाही असं लिहून दिल्यावर परवानगी मिळाली. सरकारच्या लेखी गांधीवाला, गांधीवाल्यांच्या लेखी थंडावलेला, आणि चर्चच्या लेखी हाताबाहेर गेलेला.

१९३५ मध्ये एल्विनने चर्च सोडलंच. पुढची त्याची कीर्ती सगळ्यांना माहीत आहे. १९३९ मध्ये 'द बैगा' हा ग्रंथ आला, त्यात आमच्या बैहरचे बैगासुद्धा आहेत. बैगा नांगर धरत नसत, धरतीमातेच्या छातीवर फाळ कसा चालवायचा म्हणून. जंगल तोडून, जाळून त्या राखेत बी टाकायचे. याला बेवर म्हणतात. जंगल खात्याने ते बंद करत आणलं, आणि त्याने हे लोक कसे मोडले ते एल्विनने लिहिलं. मग बस्तरच्या मुरियांवर, त्यांच्या घोटुलवर मोठं पुस्तक, १९४७ साली. घोटुल म्हणजे गावातल्या तरुण पोरापोरींचं घर. तरुणांना शिकवायला आलेला पाद्री तरुणांच्या घरी शिकायला बसला, ही गंमत मला नेहमी वाटते. स्वातंत्र्यानंतर तो हिंदुस्थानचा नागरिक झाला, नेफात सरकारचा सल्लागार झाला, १९६१ मध्ये पद्मभूषण मिळालं, १९६४ मध्ये दिल्लीत वारला.

डाग नव्हते असं नाही. १९४० मध्ये त्याने कोसी या गोंड मुलीशी लग्न केलं, १९४९ मध्ये ते मोडलं. तो पुढे निघून गेला, ती मागे राहिली. यावर आजही टीका होते, आणि ती व्हावी. मोठ्या माणसाच्या चरित्रात बाईच्या वाट्याला दोन ओळी येतात.

आणि शामराव? एल्विन बस्तर-ओरिसात वर्षानुवर्षं भटकत, लिहीत होता, तेव्हा मागे दवाखाना चालू होता. कुष्ठरोग्यांची पट्टी रोज बदलावी लागते, ती कोणी बदलत होतं. शाळेला मास्तर लागतो, मास्तरला पगार लागतो, पगाराला देणगीदार लागतो, देणगीदाराला पत्र लागतं. ज्याने संस्था चालवली आहे त्याला कळेल. एल्विनच्या पुस्तकांत जी गाणी आहेत, तीही दोघांनी मिळून गोळा केलेली. १९३५ मध्ये गोंडांच्या गाण्यांचं आणि १९४४ मध्ये मैकल डोंगरातल्या लोकगीतांचं पुस्तक निघालं, दोन्हींवर दोघांची नावं आहेत. १९४६ मध्ये शामरावांनी एकट्याने परधानांवर पुस्तक लिहिलं. परधान म्हणजे गोंडांचे भाट, बाणा नावाचं तंतुवाद्य वाजवत वंशकथा गाणारे. याच परधानांत, याच पाटनगढ गावात, जिथे हे दोघं करंजियानंतर राहिले, पुढे जनगढसिंह श्याम हा चित्रकार जन्मला, ज्याच्यामुळे गोंड चित्रकला जगात गेली. त्याच १९४६ सालात शामरावांनी आपल्या मित्राचं चरित्रही लिहिलं, 'स्कॉलर जिप्सी'. मित्राचं चरित्र छोट्या भाईने लिहिलं. छोट्या भाईचं कोणी लिहिलं नाही, निदान मराठीत माझ्या पाहण्यात नाही. १९८४ मध्ये ते वारले.

आता माझं थोडं सांगतो, फार नाही. मी सत्तरच्या दशकात गोंदियाकडच्या एका युवक संघात होतो. काळ सोपा नव्हता. १९५४ मध्ये मध्य प्रदेश सरकारने न्यायमूर्ती नियोगींची समिती नेमली होती मिशनऱ्यांच्या चौकशीला, तेव्हा राजधानी नागपूरच होती. १९५६ मध्ये अहवाल आला, १९६८ मध्ये धर्म स्वातंत्र्याचा कायदा झाला. आम्ही पोरं गावात शिकवणीला गेलो तरी कोणीतरी पाठीमागे येऊन विचारायचं, किती जणांना बाटवलं? आणि चर्चमधलं कोणी विचारायचं, किती जण आणले? प्रश्न एकच होता, फक्त विचारणारे दोन. आम्ही पोरं मध्ये उभी. काही कंटाळून घरी बसली, काही फार आक्रमक झाली.

१९८६ ते १९८९ मी मंडला जिल्ह्यात, डिंडोरी तहसिलीकडच्या एका शाखेत फील्ड ऑफिसर होतो. बैलजोडी, शेळ्या, विहीर यांची सरकारी योजनेतली कर्जं. फटफटीवरून टोल्याटोल्यात फिरायचं. एका म्हाताऱ्या गोंडाच्या कर्जाचे कागद करत होतो. माझं आडनाव ऐकून त्याने विचारलं, तू मराठी का? हो म्हटल्यावर म्हणाला, छोटा भाई पण मराठी होता. मग त्याने पायावरचा जुना व्रण दाखवला. लहानपणी घाव चिघळला होता, छोट्या भाईने रोज धुतला, असं सांगत होता. मी विचारलं, धर्माचं काही सांगायचा? म्हातारा म्हणाला, सांगत नव्हता, गाणी विचारायचा. तोवर एल्विनचं नाव मला माहीत होतं, शामरावांचं ओझरतं. त्या दिवसानंतर मी शोधायला लागलो.

आणि मला स्वतःला काय सापडलं म्हणाल, तर तेव्हापासून रविवारी दुपारी गावातल्या पोरांना बसवून पासबुक वाचायला, अर्ज भरायला, व्याज काढायला शिकवायला लागलो. बदली होईल तिथे हे चालू ठेवलं, निवृत्तीनंतर हट्ट्यातही. कोणी याला सेवा म्हणत नाही. माझी बायकोसुद्धा त्याला "रविवारची शाखा" म्हणते.

नातवाला मी जा किंवा जाऊ नको असं म्हटलेलं नाही. टिळकांचं सांगितलं, विन्स्लोचं सांगितलं, या दोघांचं सांगितलं. ज्याने टिळकांना गाडीत पुस्तक दिलं त्याच्या मनात साताऱ्याचा दरबार नव्हता. टिळकांच्या मनात करंजिया नव्हतं. विन्स्लोला आपला हुशार चेला चर्च सोडेल असं वाटलं नसणार. प्रत्येकाने पुढच्याच्या हातात काहीतरी दिलं आणि पुढच्याने त्याचं भलतंच केलं. मला त्यात बिघडलेलं काही दिसत नाही, आपल्यातल्या बऱ्याच जणांना दिसेल, त्यांनी खुशाल लिहावं. मी त्याला एकच प्रश्न घातला: तू बोलणार तर आहेसच, आजकाल सगळ्यांना माईक मिळतो, पण पट्टी कोण बदलणार? म्हणाला, विचार करतो. त्याच्या बापाला वाटतं मी त्याला फूस लावली, त्याला वाटतं मी त्याला अडवलं.

एक मत देऊन टाकतो. एल्विन मोठा लेखक होता, त्याबद्दल वाद नाही. पण ख्रिस्ती सेवा या शब्दाचा अर्थ कोणी मला विचारला तर मी शामरावांकडे बोट दाखवेन. काही वडीलधाऱ्यांना हे पटणार नाही, ते म्हणतील की सुवार्ता न सांगता सेवा अर्धी. त्यांचंही ऐकून घेतलं आहे, चाळीस वर्षं ऐकतोय.

एक विनंती. नगर, पुणे, नागपूर, जबलपूर इथल्या जुन्या कुटुंबांपैकी कोणाकडे शामराव हिवाळ्यांची पत्रं, फोटो, मंडळाचे जुने छापील अहवाल, काहीही असेल तर टाकू नका. अहवाल बहुतेक इंग्रजीत असतील. संस्थेचं नाव पुढे भूमिजन सेवा मंडळ झालं होतं, तेव्हा त्या नावानेही बघा. जुन्या कागदांत शामराव, श्यामराव, दोन्ही तऱ्हेने लिहिलेलं सापडतं. फोटो काढून इथेच खाली टाकलेत तरी चालेल, कागदाची मागची बाजूही घ्या, तारीख बहुतेक वेळा तिथेच असते.